दोन्हीकडचा हुतात्मा

१२ मार्च

भावोजी,

पत्र लिहायला बसले आणि वर काय लिहावं तेच सुचेना. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. पूल ओलांडून खालच्या गावातून वरच्या गावात आलं की तुमची पावाची भट्टी, हाक मारली की तुम्ही पिठाच्या हातांनी दारात. आता मदतगाडीवाल्या परदेशी लोकांनी दोन्हीकडची पत्रं नेण्याची परवानगी मिळवली आहे. पाकीट चिकटवायचं नाही, ही अट. आधी इकडचे साहेब वाचणार, मग तिकडचे साहेब, आणि उरलंसुरलं तुम्ही. तेव्हा दोन्ही साहेबांना माझा नमस्कार.

ठकी कशी आहे? सुट्टीत चार दिवस काकाकडे राहते म्हणून गेलेली माझी पोर, थंडी सरली तरी परत आली नाही. तिला फळ्यावरचं दिसतं का? ह्यांनी तिचे डोळे उन्हाळ्यात तपासले होते, तेव्हाच म्हणाले होते, हिचा नंबर वाढणार. पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर मला कळवा. वेणी कोण घालतं? आपला बाप गेला हे तिला कुणी सांगितलं, कसं सांगितलं? मला सगळं लिहा. मी काही मोडून पडणार नाही. पडायला जागाच नाही.

चष्म्याचं दुकान मीच चालवते. काचा घासायचं काम ह्यांच्या शेजारी बसून शिकले होते, ते उपयोगी पडलं. गिऱ्हाईक म्हणजे निम्मे सैनिक. पोरं आहेत हो, नाकावर चष्मा टेकवला की लाजतात. परवा एकजण शेवटची ओळ घडाघडा वाचून म्हणाला, "बाई, आता पलीकडची खिडकीसुद्धा दिसेल." पलीकडची म्हणजे तुमची. दुपारचं जेवण मला गेलं नाही.

आणि ह्यांचं म्हणाल तर ते आता भिंतीभिंतीवर आहेत. आमच्या लग्नातला फोटो कुणीतरी दिला, मला कापून टाकलं आणि ह्यांना ठेवलं. खाली लिहिलंय, 'पहिला हुतात्मा. वरच्यांच्या गोळीचा पहिला बळी.' मला कोळसा रांगेशिवाय मिळतो. एक बाई सोबतीला दिली आहे, ती माझ्याबरोबर बाजारात येते, घरी येते, दार लावलं की दाराबाहेर बसते. संरक्षण म्हणतात त्याला.

भावोजी, वाईट वाटून घेऊ नका, पण जे झालं ते तुमच्या बाजूच्यांनी सुरू केलं. माझा माणूस आपल्या लेकीला आणायला चालला होता. हातात तिच्या स्वेटरची पिशवी होती.

पोरीला माझे खूप पापे.

— वहिनी


६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी भट्टीमागे उभं राहून वाचलं. एक घाणा करपला. रांगेतल्या लोकांनी शिव्या घातल्या, मग कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याच्या वहिनीचं पत्र आलंय," तर तेच लोक करपलेले पाव मुकाट्यानं घेऊन गेले.

ठकी बरी आहे. उंच झाली. पुढचा दात अर्धा आला आहे, त्यामुळे हसताना ओठ मिटते. वेणी मी घालतो, पण माझ्या हातची वेणी पिळाच्या पावासारखी होते. शेजारच्या शिंपीणबाई शाळेच्या वेळेला सोडून पुन्हा घालतात. पुस्तक नाकाला लावते, हो. दादाचं मीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी. ती पिठाच्या पोत्यावर बसली होती. म्हणाली, "मला आणायला येताना का?" मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं का, अजून कळत नाही. ती रडली नाही, पोत्याची शिवण उसवत बसली. सगळं पीठ जमिनीवर आलं, मी थांबवलं नाही.

आता ऐका. दादा आमच्याकडेही भिंतींवर आहे! तोच लग्नातला फोटो. माझ्याकडची प्रत त्यांनी नेली, एका बाजूनं तुम्हाला कापलं, दुसऱ्या बाजूनं मला. खाली शब्दही तेच, 'पहिला हुतात्मा', फक्त गोळी तुमच्याकडची. जन्मभर जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, "ही ओळ दिसते? आणि ही?" यापलीकडे ज्यानं कुणाला प्रश्न विचारला नाही, तो आता दोन्हीकडून लोकांना लढायला बोलावतोय. आणि हसतोय. फोटो काढणारा शिंकला होता, आठवतं?

मला पीठ पहिल्यांदा मिळतं. ठकीला शाळेत नवे बूट दिले आणि व्यासपीठावर उभं केलं.

पण वहिनी, सुरुवातीचं मात्र तुम्ही उलटं लिहिलंत. पुलाजवळची चौकी त्याच्या आधीच जळली होती. आत तीन माणसं होती. त्यातला एक रोज माझ्याकडून दोन पाव नेणारा. ती चौकी आमच्या लोकांनी जाळली का? एकदा आग लागल्यावर बंदुका बाहेर येणारच. मी दादाचा भाऊ आहे, तरी डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू?

तब्येत जपा.

— तुमचा धाकटा दीर


४ मे

भावोजी,

आमच्या लोकांनी, तुमच्या लोकांनी! तुमचा दादा वर जन्मला, त्याचं दुकान खाली, बायको खाली, भाऊ वर. तो कुणाच्या लोकांतला, ते आधी ठरवा आणि मग मला शिकवा.

चौकी जळली ती वाईटच झाली. त्या पाव नेणाऱ्याच्या घरी बायको असेल, तिला मी वाईट कशी म्हणू? पण चौकी का जळली? आठवडाभर आमच्याकडे नळाला थेंब नव्हता. पाण्याचा हौद तुमच्याकडे, चाव्या तुमच्याकडे. इस्पितळात बायका नदीचं पाणी उकळून बाळंतपणं करत होत्या. त्या आठवड्यात तुम्ही आंघोळ केली असेल ना? मी नव्हती केली. आता तुम्ही म्हणाल, पाणी बंद केलं कारण तुमच्यांनी कोळशाच्या होड्या अडवल्या. म्हणा. मग मी म्हणेन, नगरसभा मोडली कुणी? आधी कोंबडी की आधी अंडं, आणि आपण दोघं खुराड्यात.

म्हणून मी तुम्हाला दुसरंच विचारते. मला नगरसभा नको, हौद नको, चौकी नको. तुम्ही ह्यांना हातगाडीवर घालून पुलावरून नेलंत. शेवटची आंघोळ तुम्ही घातलीत. मला तेवढंही मिळालं नाही. हे खालून वर चालले होते, तोंड तुमच्याकडे, पाठ आमच्याकडे. गोळी छातीत होती की पाठीत? एक शब्द लिहा. छातीत असेल तर तुमच्या बाजूची, पाठीत असेल तर आमच्या. एवढ्या मोठ्या युद्धाचं उत्तर मला नको आहे, माझ्या माणसाचं हवं आहे. जे असेल ते मी गिळेन.

दुसरं, ताटातूट झालेल्या घरांतल्या माणसांची अदलाबदल करायचं ठरतंय म्हणतात. परदेशी निरीक्षक पुलावर टेबल मांडून बसणार. मी ठकीसाठी अर्ज दिला आहे. तुम्हीही तिकडून द्या. माझी पोर मला परत द्या, भावोजी. तुमच्यावर रागावले आहे म्हणून नाही. आई आहे म्हणून.

सोबत तिचा नवा चष्मा पाठवते. नंबर अंदाजानं वाढवला आहे.

— वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

चष्मा पोचला नाही. पाकिटात नुसती चौकट आली. काचा आमच्या नाक्यावर काढून घेतल्या. काच हे युद्धसाहित्य आहे, असा नवा नियम निघाला आहे. पुस्तक नाकाला लावणाऱ्या मुलीपासून कुणाला धोका आहे कोण जाणे. वाचणाऱ्या साहेबांनी हे वाक्य खोडलं तरी माझी हरकत नाही.

तुम्ही विचारलेला शब्द मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, तेही विचारू नका. हे पत्र चार हात फिरून तुमच्याकडे येतं, आणि त्या चारही हातांना या एका शब्दाची तुमच्याइतकीच भूक आहे. गंमत बघा, त्या दिवशी मात्र कुणालाच नव्हती. मी दादाला भट्टीच्या खोलीत नेलं, कोमट पाणी होतंच, एकट्यानं आंघोळ घातली, चादर गुंडाळली. नंतर साहेबलोक आले, झेंडा घातला, फोटो मागितला. चादर उघडून बघू असं एकही म्हणाला नाही. त्यांना आधीच ठाऊक होतं.

रांगेत रोज खटला चालतो. कोण म्हणतं होड्या, कोण म्हणतं निवडणूक, कोण म्हणतं आपल्या आजोबांच्या वेळचं भांडण आहे हे. एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत, त्यांचं म्हणणं, "पूल बांधला तिथेच चूक झाली. पूल नसता तर भांडायला जाणार होतात कुठून?" लोक हसतात आणि पाव घेऊन घरी जातात. निकाल लागत नाही, पण वादाशिवाय रांगेत उभंही राहवत नाही. मीही बोलतो. तुमचं हौदाचं म्हणणं मी एकदा तिथे बोलून बघितलं. शिंपीणबाईंनी माझा हात दाबला. दुसऱ्या दिवशी साहेब आले.

हे साहेब बोलायला गोड आहेत. ठकीच्या अर्जाचं त्यांनीच काढलं. म्हणाले, "अहो, हुतात्म्याची मुलगी मारेकऱ्यांच्या हवाली करायची? लोक काय म्हणतील? कुणा ऐऱ्यागैऱ्याची पोर असती तर आज पाठवली असती, गाडीभाडं देऊन." मग ठकीच्या डोक्यावर हात ठेवला. ती ताठ उभी राहिली. शाळेत शिकवलंय तसं.

वहिनी, तिला या घरात ठेवून घ्यायचा माझा मुळीच हट्ट नाही. एकट्या माणसाच्या घरात लहान मूल आलं की घर चांगलं होतं, हे मात्र खरं. पण ती हल्ली झोपण्याआधी मला विचारते, "आई त्यांच्यातली आहे का?" मी म्हणतो, "आई तुझ्यातली आहे." तिला ते पटत नाही. तिला सरळ उत्तर लागतं. दादासारखी.

खाली तिनं दोन ओळी लिहिल्या आहेत. मी खोडणार होतो. मग वाटलं, आधीच एवढेजण खोडतात.

— तुमचा दीर

*आई, मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. तुम्ही लोकांनी चौकी का जाळलीत? बाबांना कोणी मारलं ते तुला माहीत आहे का? आमच्या बाईंना माहीत आहे.*


९ ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. ठकीच्या ओळी वाचल्या आणि हातात लेखणी धरवेना. 'तुम्ही लोकांनी.' मला तू म्हणणारी पोर ती. तिनं मला एकटीला कधी तुम्ही म्हटलं नसतं, म्हणून माझ्यामागे एवढे लोक उभे केले.

तिचा राग नाही आला. शिकवणारणीचा आला, मग तोही गेला, कारण आमच्या समोरच्या शाळेतली मुलं दुपारी तालात तेच म्हणतात, फक्त बाजू बदलून. काचा घासताना त्या तालावर माझा हात चालायला लागतो. बंद करते, पुन्हा चालतो.

अर्जाचं मीही विचारून आले. सोबतीची बाई बरोबर होतीच. आमचे साहेब खूश झाले. म्हणाले, "येऊ दे की! पुलावरच स्वागत करू. कर्णा लावू. मुलगी स्वतःच्या तोंडानं सांगेल, बाबांना कुणी मारलं." मी म्हटलं, "ती नऊ वर्षांची आहे." तर म्हणाले, "म्हणून तर."

म्हणजे बघा. तिकडे राहिली तर तुमच्या भिंतीवर, इकडे आली तर आमच्या भिंतीवर. पोरीला नुसतं घरी यायला वाटच नाही. आणि आपल्या दोघांनाही नाही. मला परवा चौकाच्या पुढे जायचं होतं, नुसतंच, पाय मोकळे करायला. बाई म्हणाली, "तिकडे कशाला? तिकडे तुमचं काय आहे?" आणि मला खरोखर सांगता आलं नाही, तिकडे माझं काय आहे. परत फिरले.

तुम्ही शब्द लिहिला नाहीत. मी काय समजायचं ते समजले. 'पाठीत' असता तर तुम्ही लिहिला असता, तो तुमच्या बाजूच्या फायद्याचाच ठरला असता. लिहिला नाहीत म्हणजे छातीत. मनातल्या मनात मी खटला जिंकले. वाटलं होतं जिंकल्यावर रडू येईल. काहीच आलं नाही.

तुमच्या साहेबांचं ते एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. कुणा ऐऱ्यागैऱ्याची पोर असती तर. भावोजी, हे ऐरेगैरेच होते हो. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायचे. त्यांना एवढं मोठं करून ठेवलं नसतं तर माझी पोर आज घरी असती.

पत्र संपवते. साहेबांना पुढची पत्रंही वाचायची असतील.

— वहिनी


१० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

थोडक्यात लिहितो. युद्धाला पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. नदीकाठच्या मैदानात मोठी सभा आहे, परदेशी निरीक्षकही पुढच्या रांगेत बसणार. मी बोलायचं आहे. साहेबांनी भाषण लिहून दिलं, पाठ करायला सांगितलं. ठकी एकदा वाचून घडाघडा म्हणून दाखवते, मी दुसऱ्याच वाक्याला अडखळतो. ती म्हणते, "काका, तुम्ही मुद्दाम चुकता." 

तुमचं शेवटचं पत्र मी खूप वेळा वाचलं.

काही बारीकसारीक कळवून ठेवतो. ठकीला आता वेणी स्वतःची स्वतः घालता येते, मागचा भांग तेवढा वाकडा निघतो. मोठा आवाज झाला की ती टेबलाखाली जात नाही, उभी राहते आणि मोजते. तिला ओढून खाली घ्यावं लागतं. दूध गरम नको, कोमट. रागावली की जेवत नाही, पण पाव समोर ठेवून आपण दुसरीकडे बघितलं तर खाते. खोलीत उजेड ठेवून झोपते. बूट वर्षाच्या आत लहान होतील.

शिंपीणबाईंशी सगळं बोलून ठेवलं आहे. निरीक्षकांच्या टेबलावर तुमचा अर्ज अजून आहे, मी बघून आलो.

दादाला माझ्याहून जास्त तुम्ही ओळखत होतात. माझ्याकडून त्याच्याबद्दल काही वेडंवाकडं बोललं गेलं, तर सांभाळून घ्या.

— तुमचा दीर


३ डिसेंबर

भावोजी,

हे पत्र गाडीच्या पिशवीतून येत नाही. मदतगाडीवरच्या डॉक्टरीणबाईंना कैद्यांना तपासायला आत सोडतात. त्यांनी हे तुमच्या हातात द्यायचं आणि तुम्ही वाचलंत की परत घेऊन जाळायचं, असं ठरलं आहे. तेव्हा वर्षात पहिल्यांदा मी साहेबांना नमस्कार न करता लिहिते.

तुमचं भाषण मी ऐकलं. तुमच्याकडचे कर्णे आमच्या बाजूला तोंड करूनच लावलेले असतात, आम्हाला ऐकू यावं म्हणून. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. आधी नुसती खरखर, मग तुमचा आवाज. पहिलं वाक्य त्यांचं होतं, ते मलाही कळलं. मग तुम्ही थांबलात. आणि म्हणालात, "माझ्या दादाच्या अंगावर गोळीची खूण नव्हती. आंघोळ मी घातली आहे. पळापळीत तो पडला, लोक त्याच्यावरून गेले. त्याला कुणी मारलं नाही. तो हुतात्मा नाही, चष्मेवाला होता. त्याच्या पोरीला तिच्या आईकडे जाऊ द्या." मग कर्णा बंद पडला. सोबतीची बाई माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच काय करावं ते तिला कळत नव्हतं.

मला काय वाटलं, खरं सांगू? मी तुम्हाला शिव्या दिल्या. मनात, पण दिल्या. वाटलं, हे खरं असेल तर एवढे महिने मला झुलवत का ठेवलंत? आणि खोटं असेल तर माझ्या माणसाचं मरणसुद्धा काढून घेतलंत.

ठकी आली ती नंतर. पुलावर तिच्यासाठी ना तिकडून कुणी आलं ना इकडून. एका निरीक्षकानं हात धरून आणलं, माझी सही घेतली आणि तो पुढच्या कुटुंबाकडे वळला. पिशवी तिची तिनं धरली होती. मी जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "थांब. काकांनी आधी एक सांगायला सांगितलंय. कानात." मी वाकले. ती म्हणाली, "कुशीत." मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?" म्हणाली, "एवढंच. मी विचारलं, कुणाच्या कुशीत? तर म्हणाले, आईला कळेल." तिला वाटलं, आईच्या कुशीत जा असंच काका म्हणत असणार. म्हणून मग ती आली.

कळलं, भावोजी. तिथे पुलावर पोरीला धरून मी उभी राहिले आणि मला कळलं. गोळी होती. छातीत नाही, पाठीत नाही, कुशीत. म्हणजे ते वर तोंड करूनही नव्हते आणि खाली तोंड करूनही नव्हते. कडेला वळले असतील. कुणी पडलं असेल त्याला उचलायला, नाहीतर पाण्यात पिशवी पडली म्हणून. इकडून आली असेल, तिकडून आली असेल. त्या शब्दानं काहीच ठरत नाही. मी तुमच्याकडे एवढे महिने मागत होते ते उत्तर तुमच्याकडेही नव्हतं, आणि तुम्ही एकटेच ते जपत बसला होतात. माझा तो जिंकलेला खटला मी मागे घेते.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आठवड्यानं मला बोलावणं आलं. आमच्या चौकात मंच, कर्णा, लोक. साहेब म्हणाले, "तुमचा दीर फितूर आहे, त्याला तिकडच्यांनी बोलायला लावलं. तुम्ही एवढंच म्हणायचं, की तो खोटं बोलतो, माझ्या नवऱ्याला त्यांनी गोळी घातली. बाकी आम्ही बघू. मुलगी शेजारी उभी राहील." ठकी माझा पदर धरून होती. तिला डोळे बारीक केल्याशिवाय लोकांचे चेहरे दिसत नव्हते.

मी एकच वाक्य बोलले. "माझे दीर खोटं बोलत नाहीत."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलंत का?" मी म्हटलं, "नाही. पण त्यांनी बघितलंय, आणि तुम्हीही बघितलेलं नाही." कर्णा चालू होता. लोकांनी ऐकलं.

भावोजी, हे बोलणं सोपं नव्हतं. माझ्या माणसाला मारणारा कुणीतरी आहे. तो तुमच्याकडे असेल किंवा आमच्याकडे, कदाचित मीच त्याला चष्मा करून दिला असेल. आणि मी भर चौकात, माझ्या तोंडानं, त्याला सोडून दिलं. यापुढे कधी कुणी न्यायनिवाडा करायला बसलं, तरी मी उठून काही म्हणू शकणार नाही. ती वाट मी बंद केली. तुम्ही तिकडून, मी इकडून.

आता दोन्हीकडच्या भिंती खरवडून झाल्या म्हणतात. आमच्याकडे फोटोतली ह्यांची मान आणि कपाळ राहिलं आहे, तेवढं निघत नाही. कोळसा बंद. सोबतीची बाई गेली. जाताना दारात म्हणाली, "माझाही भाऊ तिकडे आहे," आणि मी काही बोलायच्या आत जिना उतरली. दुकानाची काच कुणीतरी फोडली. सैनिक येत नाहीत, त्यामुळे काम कमी आहे आणि जेवण जातं. चौकाच्या पुढे मात्र अजून जाता येत नाही. आधी मान होता म्हणून जाता येत नव्हतं, आता तोंड दाखवायची सोय नाही म्हणून.

ठकी माझ्याशी सरळ बोलायला लागली आहे, पण स्वतःला अजून 'आम्ही वरचे' म्हणते. इथल्या शाळेत नाव घातलं. पहिल्याच दिवशी इतिहासाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आई, इथे तर उलटंच लिहिलंय. कुठलं पाठ करू?" मी म्हटलं, "परीक्षा असेल तिथलं." ती म्हणाली, "आणि खरं कुठलं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला जेवायला घातलं नाही. बाबांचं तिला खरं सांगता येत नाही. मुलं बोलून जातात, आणि तुम्ही आत आहात. चेंगरले असंच सांगितलंय. ती मला विचारते, "कुणाच्या पायाखाली?" याचं उत्तर मी काय देऊ? तुम्हाला सुचलं तर डॉक्टरीणबाईंना सांगा.

त्या म्हणाल्या, तुमचा खोकला वाढला आहे आणि खोली ओली आहे. पाठ टेकू नका, पोत्याचा तुकडा मिळाला तर मध्ये धरा. चिडून जेवण सोडू नका. तुमच्या घराण्यात ती खोड आहे, मला माहीत आहे.

आणि एक. तुम्ही ठकीसाठी जे केलंत त्याचे आभार मी मानणार नाही, ते आभार मानण्यापलीकडचं आहे. पण म्हणून मी माझा मुद्दा सोडला असं समजू नका. पाणी आधी बंद झालं, चौकी नंतर जळली. सुरुवात तुमच्याच लोकांनी केली, ह्यावरून मी हटणार नाही. तुमच्याकडे काही वेगळं म्हणणं असेल तर जिवंत राहा, सुटून या, माझ्यासमोर बसा आणि मला खोडून काढा.

वाट बघते.

— तुमची वहिनी